जुनी दुबई : घड्याळ, अब्रा, प्लाझा आणि बाबांच्या नकाशातली एक पायरी

खाडीकाठची

बाबांना जाऊन आठ महिने झाले. परवा कपाट आवरताना त्यांच्या दुबईतल्या डायऱ्या सापडल्या. १९८० सालच्या डायरीत शेवटच्या पानावर त्यांनी पेनानं एक नकाशा काढलाय. देऱ्यातलं घड्याळ, तिथून नासर स्क्वेअर, मग अब्राचा, म्हणजे खाडी ओलांडायच्या लाकडी होडीचा, धक्का. खाडीची दोन रेघांमध्ये निळी शाई भरलेली. पलीकडे बर दुबई, उजव्या हाताला चौकोनात 'प्लाझा'. डावीकडे काठाजवळ एक फुली, तिच्याखाली 'आमची पायरी' आणि बाजूला बारीक अक्षरात 'गु. ७ मुं.' एवढंच.

आई आणि मी १९८१ मध्ये तिकडे गेलो. मी सहा वर्षांची होते. बाबा त्याआधी पाच वर्षं एकटे राहत होते, पण त्या वर्षांबद्दल ते फारसं बोलले नाहीत. ही पायरी कुठली असेल, कुणाला काही अंदाज? मला अब्राच्या धक्क्याची पायरी वाटते.

माझ्या आठवणी प्लाझापासून सुरू होतात. आमचं घर घुबैबाच्या बसस्थानकामागे होतं. गुरुवारी संध्याकाळी प्लाझा सिनेमासमोर इतकी गर्दी व्हायची की आई मला गॅलरीत एकटीला उभं राहू द्यायची नाही. सगळे पुरुष, इस्त्रीचे शर्ट घातलेले, केसांना तेल लावलेले, चारचार-पाचपाचच्या घोळक्यात. सिनेमा हिंदी. मध्यंतरात तळलेल्या समोशाचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. प्लाझा, स्ट्रँड, अल नसर ही नावं आम्हा मुलांना शाळेतल्या धड्यांपेक्षा जास्त पाठ होती. आता तिथे प्लाझा नाही. नकाशातल्या चौकोनात बाबांनी मात्र त्याला एक छोटा झेंडाही काढलाय.

ज्यांनी ती दुबई पाहिली आहे त्यांनी लिहा. मोठ्या इमारतींचं नको, जिथे माणसं नुसतीच उभी असायची, बसायची, त्या जागांचं लिहा.

दाभोळचा

ताई, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. धागा काढलात ते फार बरं केलंत.

आमच्या घरातली दुबई तुमच्याही आधीची. माझे अब्बा १९६४ मध्ये 'द्वारका' बोटीनं गेले. आमच्या खाडीपट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातून कुणी ना कुणी त्या बोटीनं गेलेलं आहे. मुंबईहून कराची, मस्कत करत ती आखातात शिरायची. डेकवरचा प्रवास, बिछाना आपला आपण न्यायचा. अब्बांच्या वळकटीत सुके बोंबील आणि आजीनं दिलेली तांदळाची पिठी होती. राशिद बंदर सुरू झालं ते १९७२ मध्ये. तोवर बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू दोरीच्या शिडीवरून लाँचमध्ये उतरायचे. अब्बा म्हणायचे, दाभोळच्या खाडीत होडीवर वाढलेला पोरगा मी, पण त्या शिडीवर माझे पाय थरथरले. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी 'दारा' बोटीवर दुबईजवळ स्फोट झाला होता आणि दोनशेवर माणसं गेली होती. डेकवर लोक तेच बोलत होते.

आणखी एक गोष्ट आजच्या मुलांना खरी वाटत नाही. तेव्हा तिथे रुपया चालायचा! १९५९ पासून रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या, त्यांच्या क्रमांकाआधी 'झेड' अक्षर असायचं. म्हणजे अब्बा परदेशात जाऊन पगार रुपयांतच घेत होते. १९६६ च्या जूनमध्ये इकडे रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तिकडच्या लोकांच्या खिशातले पैसे रातोरात हलके झाले. मग त्यांनी रुपया सोडला. आधी रियाल आले आणि १९७३ मध्ये दिरहम. अब्बांनी त्यातली एक लाल नोट जपून ठेवली होती. ती आता माझ्याकडे आहे.

त्यांचा अड्डा म्हणजे खाडीच्या काठावर लाकडी गलबतं लागायची ती जागा. शुक्रवारची नमाज झाली की कोकणातले सगळे तिथे. गलबतांवरचे कच्छी खलाशी चहा करायचे. कुठल्या गावात पाऊस पडला, कुणाच्या घराची कौलं उडाली, हे तिथे कळायचं.

'द्वारका' १९८२ मध्ये बंद झाली. अब्बा तेव्हा विमानानं जाऊ लागले होते, पण बातमी कळल्यावर दिवसभर जेवले नाहीत.

हमरियाची मावशी

मी १९७७ ते १९९५ देऱ्यात होते. बायकांचे अड्डे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते.

आमचा अड्डा हमरियाची भाजी-मंडई. २००४ च्या सुमारास ती तिथून हलवून अल अवीरला नेली, पण आमच्या वेळी सगळी खरेदी हमरियाला. मुंबईहून विमानानं आलेल्या मालात गवार, पडवळ, कधीतरी अळूची पानं असायची. अळू आलंय हे ज्या बाईला आधी कळेल तिनं बाकीच्यांना फोन करायचा, असा आमचा नियम होता. शहरातल्या शहरात फोन फुकट होता, त्यामुळे दुपारभर तारा गरम! गणपतीच्या आदल्या दिवशी एकदा पानंच आली नाहीत. तेव्हा एका मल्याळी भाजीवाल्यानं स्वतःच्या घरी कुंडीत लावलेली आठ पानं आणून दिली. पैसे घेतले नाहीत. "तुमच्या देवाला," म्हणाला.

गणपती आम्ही मुंबईहून मांडीवर घेऊन यायचो. शाडूचा, वीतभर. विसर्जन घरातच बादलीत, आणि ते पाणी बाल्कनीतल्या तुळशीला. तुळस मात्र उन्हाळ्यात जगत नसे. जुलै-ऑगस्टात तिला आत, एसीसमोर ठेवायचे.

संध्याकाळी मुलांना घेऊन घड्याळाच्या चौकात जायचो. चारी बाजूंनी गाड्या आणि मधल्या हिरवळीवर बसलेल्या बायका. आता कुणी तिथे बसण्याचा विचारही करणार नाही. आम्हाला मात्र हिरवं गवत तेवढंच दिसायचं. त्यावर पाय पसरून बसलं की गावच्या घरामागचं शेत आठवायचं, आणि कुणीतरी एक बाई रडायचीच. बाकीच्या तिच्याकडे न बघता बोलत राहायच्या. ती रीतच होती आमची.

स्टँडातला

शारजा राहिलं की! दुबईतल्या मराठी माणसाचा सगळ्यात मोठा अड्डा शारजाच्या स्टेडियममध्ये होता.

मार्च १९८५ : आपण १२५ वर गारद. इम्रान खाननं सहा बळी घेतले. आजूबाजूचे लोक उठून चालू लागले. आणि मग पाकिस्तान ८७ वर बाद! त्या रात्री बर दुबईत अनोळखी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती.

१८ एप्रिल १९८६ : शेवटचा चेंडू, हवे होते चार, चेतन शर्मा, मियाँदाद, षटकार. एवढंच लिहितो. ज्या गाडीतून आम्ही सात जण गेलो तिच्यात परतताना एक शब्द कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आमचा पठाण सुपरवायझर आला. तो चिडवेल म्हणून मी तयारीत होतो. त्यानं माझ्यासमोर चहा ठेवला आणि खांद्यावर हात ठेवून निघून गेला.

आणि एप्रिल १९९८. २२ तारखेला ते वादळ आलं तेव्हा मी स्टँडात होतो. समोरचा माणूस दिसेना. तोंडात, कानात, कागदात गुंडाळून आणलेल्या पोळीत, सगळीकडे वाळू. खेळ थांबला, षटकं कमी झाली आणि मग सचिननं १४३ केले. तो सामना आपण हरलो, पण अंतिम फेरी गाठली. दोन दिवसांनी, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्यानं १३४ करून चषक आणला. त्या दिवशीची वाळू माझ्या टोपीच्या शिवणीत अजून आहे. बायको ती टोपी धुवायला मागते, मी देत नाही.

२००० नंतर आपला संघ तिथे जायचा बंद झाला आणि तो अड्डा मोडला. सामने नंतर कुठेही बघितले असतील, पण ते सोबत बघणं परत मिळालं नाही.

करामा_८८

मी तुमच्या सगळ्यांच्या पुढच्या पिढीतला. जन्म १९८८, घर करामा, शाळा ऊद मेथातली. आमचे अड्डे म्हणजे इमारतींमधली वाळूची मोकळी जागा. दगडांची यष्टी, टेप गुंडाळलेला टेनिस बॉल, आणि शुक्रवारी सकाळी ऊन तापायच्या आत दोन डाव. चेंडू उभ्या गाडीखाली गेला की सगळ्यांनी आडवं पडून शोधायचं. जिंकलेल्या संघाला बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, चिप्स ओमानची पाकिटं आणि अरीजचा ज्यूस. त्यातली एकही जागा आता मोकळी नाही. सगळीकडे इमारत किंवा पैसे भरून गाडी लावायची जागा.

हार्ड रॉक कॅफेच्या त्या दोन प्रचंड गिटार आठवतात का कुणाला? शेख झायेद रस्त्यावर अबू धाबीच्या दिशेनं जाताना त्या दिसल्या की बाबा म्हणायचे, "संपली दुबई." आता तिथून पुढेच अर्धी दुबई आहे! कॅफे २००९ मध्ये बंद झालं, नंतर इमारतही पाडली. लॅम्सी प्लाझा मॉलला २०१७ मध्ये आग लागली, ते परत उघडलं नाही. रमाडा हॉटेलातली ती कित्येक मजले उंच रंगीत काच बघायला आई प्रत्येक पाहुण्याला न्यायची. तेही गेलं.

मला एक विचारायचंय. माझं जन्मगाव दुबई आहे, पण मी तिथला नाही. नोकरी संपली, व्हिसा संपला, बाबांनी सामान बांधलं. मी कोल्हापूरला आलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. इथे कुणाला माझी गल्ली ठाऊक नाही आणि तिथे गल्लीच उरली नाही. तुमच्यापैकी कुणाला असं होतं का, की आपण सांगतोय ते खरंच घडलं होतं ना, अशी शंका येते?

खाडीकाठची

@करामा_८८, होतं. म्हणून तर हा धागा. माझ्या लहानपणाचा पुरावा म्हणून माझ्याकडे एक डायरी आणि नऊ फोटो आहेत. त्यातल्या एका फोटोत मागे ट्रेड सेंटर आहे, एकोणचाळीस मजल्यांचं, १९७९ मध्ये इंग्लंडच्या राणीनं उद्घाटन केलेलं. त्याच्या आजूबाजूला काही नाही. नुसती वाळू आणि एक उंट. माझी मुलगी म्हणते हा फोटो जोडलेला आहे.

कॉम्प्रेसर

नमस्कार. मी सांगलीचा. १९७८ ते १९९९ दुबईत एसी मेकॅनिक होतो. हा धागा मुलीनं मोबाईलवर दाखवला. टायपिंगही तीच करते आहे, मी सांगतोय.

तुमचं सगळं वाचलं. छान वाटलं. पण तुमच्या आठवणींत घर आहे, आई आहे, बाल्कनी आहे. आमच्याकडे बेडस्पेस होती. सातवा नावाच्या भागात, जुन्या शाबियाच्या (सरकारी वस्तीतल्या) घरात, एका खोलीत अकरा माणसं. दुमजली खाटा. माझी खालची, म्हणजे मी नशीबवान. बायको-मुलांना आणायचं तर पगाराची अट होती आणि माझा पगार तिथवर कधी पोचला नाही. एकवीस वर्षांत मी मुलीचे तीनच वाढदिवस बघितले. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचा. वडील गेल्याची तार आली तेव्हा तो मिळेपर्यंत दहावा होऊन गेला होता. हे कडू म्हणून सांगत नाही. जुन्या दुबईची गोष्ट सांगायची तर ही खोलीपण त्यात आली पाहिजे, एवढंच.

ते सातवाही २००८ मध्ये बरंच पाडलं. मोठी योजना होती. मग मंदी आली आणि ती अडकली. आमच्या खोलीची जागा कित्येक वर्षं नुसती मोकळी पडून होती म्हणे.

कामाचं सांगतो. उन्हाळ्यात छपरावर दुपारी पाना धरला तर तळहाताला फोड येई. पाना पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा आणि एक नट फिरवला की परत बुडवायचा. खाली त्याच एसीत साहेब पांघरूण घेऊन बसलेला असे. संध्याकाळी आम्ही इराण्याच्या भट्टीवर रांगेत उभे राहायचो. गरम खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, कागदात, परातीएवढी. एक घेतली की दोघांचं भागे. वर रेनबो दुधाचा कडक चहा. आज इतक्या वर्षांनी सांगलीत माझ्या घरी सगळं आहे, पण ती भट्टी आठवली की भूक लागते.

आता ताई, तुमच्या नकाशाबद्दल.

ती अब्राची पायरी नाही. अब्राच्या धक्क्यावर कुणी बसू देत नसे, माणसांची ये-जा फार. पन्नास फिल्स, म्हणजे अर्धा दिरहम, द्यायचे आणि उडी मारून बसायचं, झालं. धक्क्यावर उतरून कापडबाजारातून डावीकडे चालत राहिलं की मशिदीमागे, किल्ल्याच्या म्युझियमजवळ, आपल्या देवळाची गल्ली. अरुंद. दोन माणसं शेजारून गेली तर खांदे घासतील. फुलं, कुंकू, उदबत्त्या, देवांच्या तसबिरी. देऊळ वर होतं आणि खालून जिना. चपला काढायच्या तिथे पायऱ्या होत्या. ती पायरी.

'गु. ७ मुं.' म्हणजे गुरुवार, सात वाजता, मुंबई. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी सगळे मोकळे. त्या आठवड्यात मुंबईला कोण जाणार आहे ते त्या पायरीवर कळायचं. टपालाला दहा-बारा दिवस लागायचे आणि फोनला पैसे पडायचे. म्हणून जाणाऱ्या माणसाजवळ पत्र द्यायचं. पत्र लिहिता येत नाही तो कॅसेट भरून द्यायचा. मी बऱ्याच कॅसेटी भरल्या आहेत. एसीचा आवाज येऊ नये म्हणून खोलीतला एसी बंद करायचो आणि अकराही जण घामानं निथळत गप्प बसायचे. कुणी खोकलं तर टेप परत मागे.

शिपिंगमध्ये काम करणारी एकदोन मराठी माणसं तिथे नेहमी असायची. त्यांना कोण कधी जातंय ते आधी कळे, आणि ती स्वतःही जात-येत असत. तुमच्या वडिलांचं नाव इथे लिहू नका. पण त्यांना चष्मा होता का, आणि खिशाला कायम दोन पेनं?

दाभोळचा

काका, तुमचं लिहिणं वाचून मी मध्ये थांबलो. कॅसेटींचं अगदी खरं. आमच्या घरी अब्बांची एक आहे. त्यात शेवटी ते म्हणतात, "बाकी सगळं ठीक," आणि मग बराच वेळ काहीच नाही. आम्हाला लहानपणी वाटायचं टेप बिघडली.

आत्ताच_बर_दुबईत

मी सध्या इथेच राहतो, मनखूलला. काल ऑफिस सुटल्यावर नकाशा डोक्यात ठेवून चालत गेलो.

घड्याळ आहे. नासर स्क्वेअर आहे, पण नाव आता बनियास, आणि खाली मेट्रो. अब्रा तशीच, लाकडी, मध्ये फळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसलेली माणसं. एक दिरहम घेतात. पाण्याच्या मध्यावर डिझेलचा तो वास आला, ज्याबद्दल माझे मामा बोलायचे.

देवळाच्या गल्लीत गेलो. शिवमंदिर आणि गुरुदरबार जानेवारी २०२४ मध्ये इथून जबल अलीच्या नव्या मंदिरात हलले. नवं मंदिर प्रशस्त आहे, गाडी लावायला जागा आहे, वृद्धांना जिना चढावा लागत नाही. आईला घेऊन मी जातो, तिला ते फार आवडतं. पण गल्ली शांत झाली आहे. फुलांच्या दोन टोपल्या दिसल्या. एका म्हाताऱ्या दुकानदारानं अजून हळद-कुंकू ठेवलंय. मी त्याला पायऱ्यांबद्दल विचारलं. त्यानं हातातलं काम टाकलं, बाहेर येऊन बोटानं दाखवलं आणि म्हणाला, "गुरुवारी इथे पाय ठेवायला जागा नसायची." तो सिंधी, पण हे वाक्य मराठीत बोलला. कुठे शिकलात विचारलं तर म्हणाला, "पायरीवरच."

फोटो काढलाय. @खाडीकाठची, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

खाडीकाठची

फोटो मिळाला. खूप खूप आभार. मी तो डायरीत, नकाशाच्या पानावर ठेवलाय.

कॉम्प्रेसर काका, हो. चष्मा होता. आणि दोन पेनं, एक निळं, एक लाल. आई रागवायची, शर्टाच्या खिशाला कायम डाग.

तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी नकाशाच्या पानाची मागची बाजू परत बघितली. तिथे एक यादी आहे. काही आडनावं, पुढे गावं : मिरज, खेड, परळ, ओतूर. प्रत्येकासमोर एकेक वस्तू : 'चष्मा (वडिलांचा)', 'दम्याचं औषध', 'कॅसेट २', 'बांगड्या, मोजून ६', 'पत्र, हातातच देणे'. पोचलेल्यांवर लाल पेनानं बरोबरची खूण. खुणेवाचून एकही नाव राहिलेलं नाही.

गेले आठ महिने मी तो घरखर्चाचा हिशेब समजत होते.

कॉम्प्रेसर

मिरजेसमोर काय लिहिलंय, ताई?

खाडीकाठची

'कॅसेट २', काका.